आतल्या खोलीचा खटका

फैयाजने दाराला कान लावला आणि हातोडीच्या दांड्याने फळीवर तीन ठोके दिले. एक वर, एक खटक्यापाशी, एक खाली. मग तो थांबला. लाकूड कुठे अडलंय ते ठोक्यावरून कळतं. मोकळ्या जागी आवाज पोकळ येतो, अडलेल्या जागी मेलेला. वरचा पोकळ आला, खालचा पोकळ आला. मधला मेलेला.

"आलात का?" आतून बाईचा आवाज आला.

फैयाजचा हात तिथेच राहिला. हा प्रश्न त्याच्यासाठी नव्हता. परक्या कारागिराला असं कुणी विचारत नाही. असं विचारतात घरच्या माणसाला, उशीर झालेला असला की.

मागे हातात चादर घेऊन उभी असलेली अल्मास पुढे झाली. "अम्मा, मिस्त्री आलेत. तुम्ही पलंगावर बसा, दारापासून लांब." मग आवाज खाली आणून ती फैयाजला म्हणाली, "सासूबाई आहेत माझ्या. सकाळी नमाज झाल्यावर दार लोटलं ते उघडेचना. शुगर आहे त्यांना. अकरा वाजून गेले, पोटात कण नाही. आणि भाई, त्या इद्दतमध्ये आहेत."

"माहीत आहे," फैयाज बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

अल्मासचं लक्ष नव्हतं. ती चादरीची टोकं नीट धरून बघत होती. नवरा गेला की चार महिने दहा दिवस बाईने उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. गरजेला डॉक्टर येतो, कारागीर येतो, पण मधे पडदा हवा. आत बसलेल्या मुबारकबीचा आज बावन्नावा दिवस होता. फैयाजने तो मोजलेला होता.

"दार उघडलं की तुम्ही भिंतीकडे तोंड करा," अल्मास म्हणाली. "मी चादर धरून त्यांना स्वयंपाकघरात नेते. मग तुम्ही खुशाल आत जाऊन काय ते बघा."

"बरं, भाभी."

त्याने मूठ हातात घेतली. ही मूठ बघायची त्याला गरज नव्हती. हे सागाचं दार त्याने स्वतः रंधलं होतं, चौदा वर्षांपूर्वी, उस्तादांच्या हाताखाली. खटका उस्तादांनी बसवला होता आणि तो पहिल्या महिन्यापासून बिघडलेला होता. अल्लाबक्ष मिस्त्री म्हणजे भिंगारमधला नावाजलेला माणूस. कॅन्टोन्मेंटच्या साहेबांच्या बंगल्यांपासून बाजारातल्या पेढ्यांपर्यंत अर्ध्या गावाची दारं त्यांच्या हातची, आणि स्वतःच्या घरातल्या खटक्याची स्प्रिंग बदलायला सवड नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. चाची, म्हणजे मुबारकबी, कधीतरी कुरकुरायची. उस्ताद म्हणायचे, उघडतंय ना? मग झालं.

उघडायची एक खोड होती. मूठ वर उचलायची, खाली गुडघा लावायचा आणि मगच फिरवायची. फैयाजच्या हाताने विचारल्याशिवाय ते सगळं केलं. उचललं, गुडघा लावला, फिरवलं. दार नेहमीसारखं बोटभर आत जायला हवं होतं. ते तसूभरही हललं नाही. पलीकडून कुणी खांदा लावून उभं असावं तसं ते त्याच्या गुडघ्याला अडलं.

त्याने मुठीवरून हात झटकन काढला.

भुताखेतावर त्याचा विश्वास नव्हता. पण या घरात पाय टाकल्यापासून त्याला उस्तादांचा वास येत होता, पॉलिशचा आणि विडीचा. पुढच्या कारखान्यात आता कुणी काम करत नव्हतं. रंधा मशीनवर ताडपत्री टाकून वर विटा ठेवल्या होत्या. मशीनच्या बाजूने तो अंग चोरून आला होता. कारखान्यातून घरात येणाऱ्या अंधाऱ्या बोळात भिंतीवर लाकडी बोर्ड होता, त्यावर वरखाली दोन काळी बटणं. तिकडे त्याने पाहिलंच नव्हतं. बारा वर्षं तो मनातल्या मनात रोज तिकडे पाहत आला होता. आज खरोखर समोरून जायची वेळ आली, तर मान दुसरीकडे.

फोनवर अल्मासने पत्ता सांगितला तेव्हाच त्याला कळलं होतं की घर कुणाचं. गल्लीच्या तोंडाशी तो गाडीवर दहा मिनिटं बसून राहिला. परत जायचा विचार केला. मग वाटलं, दार उघडायला माणूस पाहिजे म्हणून बोलावलंय, सूनबाईला आपण कोण ते ठाऊक नाही, काम करू आणि निघू. जनाज्याला तो असाच आला होता. मागच्या ओळीत उभा राहिला. मातीच्या वेळी उस्तादांचा मुलगा रिझवान याने मागे वळून त्याच्याकडे बघितलं, तसा तो मूठभर मातीही न देता निघून आला.

"काय म्हणतंय?" अल्मासने विचारलं.

"अडकलंय कुठेतरी. मूठ काढून बघतो."

त्याने पिशवीतून पेचकस काढला आणि मुठीचे स्क्रू सोडवायला घेतले. जुने स्क्रू, खाचा झिजलेल्या. दोन निघाले, तिसरा फिरेना.

"अल्मास," आतून आवाज आला. "माझी शुगरची गोळी संपलीया बघ. इथं नुसतं पाकीट हाय. दार उगडंस्तोवर मेडिकलातनं घेऊन ये. आन येताना दोन केळी आन."

"आत्ता, अम्मा? दार उघडल्यावर जाते की."

"हात कापाय लागलेत माझे."

अल्मास घुटमळली. घरात परका माणूस आणि इद्दतमधली सासू, मधे दार बंद असलं म्हणून काय झालं. पण केळी न आणता सासूला काही झालं तर नवरा काय म्हणेल, तेही तिला कळत होतं. "बाहेरचं दार उघडं टाकून जाते," ती फैयाजला म्हणाली. "मेडिकल कोपऱ्यावरच आहे. पाच मिनिटांत आले." चादर खुर्चीवर टाकून, ओढणी डोक्यावर घेऊन ती गेली.

तिची चप्पल गल्लीत वाजली आणि मग वाजायची थांबली. फैयाज तिसऱ्या स्क्रूशी झटत राहिला.

"गेली का ती?" आतला आवाज आता दाराच्या अगदी जवळ आला होता. फळीच्या पलीकडे, त्याच्या खांद्याच्या उंचीवर.

त्याने पेचकस फिरवायचा थांबवला.

"बोलू नका. तुमी कुटं काम करताना बोलत हुता. खिळे तोंडात धरायचे आन हूं हूं करायचं. मी आपली बोलायची." धाप लागल्यासारखा श्वास ऐकू आला. "ठोक्यावरनं वळाकलं मी. वर, मधी, खाली. म्हटलं, आले."

उस्ताद तसेच ठोकायचे. भिंगारात दुसरा कुणी सुतार असं दार तपासत नाही, सगळे सरळ पटाशी घालतात. उस्तादांनी ही तऱ्हा एकाच माणसाला शिकवली होती. 'चाची, मी फैयाज' असं म्हणायला तोंड उघडलं होतं त्याने. तेवढ्यात ती पुढचं बोलली, आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"त्या दिवशी बटन म्या दाबलं."

पेचकस स्क्रूच्या खाचेतून निसटला आणि फळीवर ओरखडा उठला.

"आठ दिवसांनी नळ आला हुता. लाइट न्हाई. मोटार कशी लावायची, म्हणून बोळात बोर्डापशीच हुबी राहिले, की लाइट आली रं आली की लावायची. तुमाला ठाव हाय, आपल्या गल्लीत ज्याची मोटार आदी लागंल त्याला पानी. शेजारची वरडली, आली, आली. म्या अंधारात हात घातला. खालचं दाबायचं ते वरचं दाबलं. मशिनीचं. आन मग तुमी वरडलात."

बाहेरच्या रस्त्यावरून मिलिटरीची मोठी गाडी गेली, खिडकीच्या काचा हलल्या. ती गाडी जाईपर्यंत मुबारकबी थांबली.

"माझा हात तिथनं सुटला आन मी आत पळाले. त्या पोरानं धावत येऊन बंद केलं. मानसं आली तवा त्याचाच हात बटनावर हुता. सगळ्यांनी बघितलं. म्याबी बघितलं."

फैयाजलाही तो हात आठवत होता. त्या दुपारी उस्ताद मशीनमध्ये अडकलेला भुसा काढत होते. मशीनमध्ये हात घालायचा तर आधी बटण बंद, मग फ्यूज काढून खिशात, हा त्यांचाच नियम. त्या दिवशी म्हणाले, लाइटच नाही तर फ्यूज कशाला, नुसतं बटण बंद कर. फैयाजने बोळात जाऊन बंद केलं. परत आल्यावर काही वेळाने तो फडताळातून काचकागद घ्यायला वळला आणि मशीन सुरू झालं. उजव्या हाताची चार बोटं.

पहिले काही महिने त्याला पक्कं ठाऊक होतं की बटण आपण बंद केलं होतं. विचारील त्याला तो तसं सांगायचा. लोक मान हलवायचे आणि दुसरीकडे बघायचे. उस्तादांनी एक शब्द विचारला नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर एवढंच म्हणाले, उद्यापासून येऊ नको. मग भिंगारात त्याला कुणी काम देईना. 'बोटं सांभाळा रे, फैयाज आलाय,' असं लाकडाच्या वखारीत कुणीतरी म्हटलं, आणि सगळे हसले, आणि ते हसणं त्याच्या नावाला चिकटलं. चोविसाव्या वर्षी तो कोपरगावला गेला. साखर कारखान्याच्या क्वार्टरांच्या दार-खिडक्या दुरुस्त करत आठ वर्षं काढली. आई आजारी पडली म्हणून परत आला. मशीनला त्याने पुन्हा हात लावला नाही. कुलपं, कड्या, खटके, जे हाताने होईल तेवढंच.

आणि कोपरगावातच केव्हातरी त्याला वेगळं आठवायला लागलं. बटण बंद केलं असं आठवता आठवता एका पहाटे बोटाखाली ते चालू होताना लागलं. मग रोज लागायला लागलं. त्यालाही पटलं, की लाइट आली ऐकून आपणच सवयीने गेलो असू आणि आपणच लावलं असेल. इतकी माणसं म्हणतात ती काय उगीच?

"बारा वर्सं म्या तुमाला घास भरीवला," आतला आवाज म्हणाला. "परतेक घासाला म्हनायची, आता सांगते. जेवून झाल्यावर सांगते. उद्या सांगते. मिठाची गुळणी धरून बसले. हात गेलेल्या मानसाला कसं सांगू, की बायकूनंच घालवला? आन शेवटाला तुमी आठवडाभर रातीला माझ्या एकटीपशी त्याचं नाव घेतलं. फैयाजला बोलव, फैयाजला बोलव. म्या म्हनायची, त्याचा फोन लागत न्हाई. नंबर तर मला तोंडपाठ हाय. हार्डवेअरच्या दुकानावर त्याची पाटी लागलीया, तिथनं केला. तुमी गेल्यावर दोनदा लावला त्याला. हॅलो म्हनला की माझं तोंड बंद."

ते दोन फोन त्याला आठवले. अनोळखी नंबर, पलीकडे कुणाचा तरी श्वास. दोन्ही वेळा त्याने शिवी हासडून फोन ठेवला होता.

फैयाज उठला. गुडघे कटकन वाजले. हातोडी, पेचकस, पत्र्याची पट्टी, सगळं तसंच खाली पडलेलं. बाहेरचं दार उघडं होतं आणि गल्लीतलं ऊन बोळाच्या तोंडापर्यंत आलेलं होतं. तो चालत बोळात गेला. बसू दे आत, तो मनात म्हणाला. मेलेल्या माणसाला सांगते, जिवंत माणसाला नाही. बसू दे चार महिने दहा दिवस. त्याला राग आला होता. ही बाई त्याला जेवायला वाढायची. ईदला तिने त्याला शर्ट शिवला होता. आणि त्याच हाताने तिने त्याला गावाबाहेर काढलं, आणि पडद्यामागे बसून बघत राहिली.

बोर्डासमोर तो थांबला. दोन बटणं. वरच्यावर लाल रंगाचा ठिपका दिला होता, कुणीतरी नंतर दिलेला, ब्रशने, ओबडधोबड. डाव्या हाताने दिलेला वाटत होता. खालच्यावर काही नाही. त्याने वरच्या बटणाला बोट लावलं. ते बंदच होतं. मशीनची वायर कधीच कापून टाकलेली होती, तिचं टोक भिंतीवर लोंबत होतं.

आत ती खोकली. एकदा, मग लागोपाठ. मग काहीच ऐकू येईना.

तो परत फिरला.

अल्मास आली तेव्हा तिसरा स्क्रू निघाला होता आणि मूठ जमिनीवर होती. खटक्याची स्प्रिंग तुटलेली तर होतीच. पण नुसत्या तुटलेल्या स्प्रिंगने दार असं अडत नाही. त्याने चौकटीच्या पट्टीमागून पत्रा सरकवला. खटक्याच्या जिभेपाशी पत्रा टेकला आणि थांबला. तिथे काहीतरी होतं. लाकडाला लाकूड.

"अम्मा, आहात ना?" अल्मासने हाक मारली.

"हाय. झालं का?"

"होतंय, होतंय."

फैयाजने पट्टीवर पटाशी टेकवली आणि हातोडीने बेताने मारत गेला, वरून खाली, जसं उस्ताद मारायचे, लाकडाला इजा न होऊ देता. सहाव्या-सातव्या ठोक्याला आत फरशीवर काहीतरी हलकंसं पडलं. त्याबरोबर दार ढिलं झालं. मुठीच्या भोकात पेचकस घालून त्याने तो वर उचलला, गुडघा लावला, फिरवला. दार आत गेलं.

तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. समोर उस्तादांचा जुना फोटो होता, मशीनपाशी, दोन्ही हात शाबूत असतानाचा. मागे चादर झटकल्याचा आवाज झाला. अल्मासची कुजबुज, आणि फरशीवर घासत येणारी पावलं, थकलेल्या माणसाची. ती त्याच्या पाठीमागे आली आणि थांबली. दोन श्वास. मग पुढे गेली. स्वयंपाकघराचा पडदा ओढला गेला.

"आता जा भाई आत," अल्मास म्हणाली.

खोलीत पलंग, कोपऱ्यात नमाजाचं जानमाज घडी घालून ठेवलेलं, खिडकीत औषधांच्या डब्या. गोळ्यांचं एक पाकीट उघड्यावर होतं. त्यात आठ गोळ्या शिल्लक होत्या.

फैयाज दाराच्या कडेशी उकिडवा बसला. फरशीवर पडलेली वस्तू त्याने उचलली. सागाची पाचर होती. बोटभर लांब, एका बाजूने कागदासारखी पातळ करत आणलेली, रेषा सोडून कापलेली, म्हणजे ठोकल्यावर नेमकी बसेल अशी. या घरात चाळीस वर्षं राहिलेल्या माणसालाच अशी कापता येईल. पाचरीचं जाड टोक मार बसून पिंजारलं होतं आणि त्या पिंजारलेल्या लाकडात लाल तिखट भरलं होतं. त्याने वर पाहिलं. खिडकीत, डब्यांच्या मागे, खलबत्त्याचा लोखंडी बत्ता उभा करून ठेवलेला होता.

दार अडकलं नव्हतं. तिने ते आतून पाचर मारून अडकवलं होतं.

त्याने पाचर हातात फिरवून बघितली. तिला बाहेर पडता येत नव्हतं. त्याला घरात बोलावता येत नव्हतं, बोलावून काय सांगणार होती घरच्यांना? फोनवर धीर होत नव्हता. चार महिने दहा दिवस थांबायची तिची तयारी नव्हती, किंवा तेवढा भरवसा नव्हता. मधे पडदा असेल आणि समोर फैयाज असेल, असं एकच कारण इद्दतमध्ये चालण्यासारखं होतं, ते तिने स्वतःच्या हाताने ठोकून तयार केलं होतं. आणि उस्तादांना म्हणून जे सांगितलं ते उस्तादांसाठी नव्हतंच.

"भाभी," त्याने दारातून विचारलं, "माझा नंबर तुम्हाला कुणी दिला?"

"अम्मांनी," अल्मास पडद्याबाहेर येत म्हणाली. "दाराआडून सांगितला, एका दमात. मी म्हटलं बजरंग सुतार जवळ राहतो, त्याला बोलावू. तर नको म्हणाल्या, हाच पाहिजे."

पडद्यामागे केळं सोलत असलेला हात थांबल्याचं त्याला जाणवलं.

"मिस्त्री," मुबारकबी पडद्यामागून म्हणाली. आवाज परक्या माणसाशी बोलतात तसा, कोरडा. "काय बिघडलं हुतं?"

अल्मासही त्याच्याकडे बघत होती. पाचर त्याच्या मुठीत होती. नुसता हात पुढे करायचा अवकाश होता. सून विचारील, अम्मा, हे काय? आणि मग सगळं निघेल. गेली बारा वर्षं या घरातल्या कुणीतरी एकदा म्हणावं, फैयाजने नाही केलं, एवढंच त्याला हवं होतं. ते म्हटलं गेलं होतं, पण बंद दाराआडून, एकट्याला. गल्लीत जाऊन सांगितलं तर कोण मानणार? बोटं खाल्लेला फैयाज, आणि विधवा बाईवर आळ घेतोय म्हणतील.

त्याने मूठ खिशात घातली आणि रिकामी बाहेर काढली.

"खटका जुना झालाय," तो म्हणाला. "स्प्रिंग गेलीय. नवीन बसवून देतो."

त्याने पिशवीतून नवा खटका काढला. अर्ध्या तासाचं काम, तो ते पाऊण तास करत बसला. जुन्या खटक्याची जागा पटाशीने साफ केली, नवा बसवला, चार वेळा दार लावून उघडून बघितलं. आता उचलायला लागत नव्हतं, गुडघा लावायला लागत नव्हता. मूठ फिरवली की उघडत होतं. सामान पिशवीत भरून तो उठला.

"भाभी, अम्मांना सांगा," तो पडद्याला ऐकू जाईल असं म्हणाला. "पुन्हा काम पडलं तर दार अडकवायची गरज नाही. सरळ हाक मारावी."

"अडकवायची?" अल्मासला काही कळलं नाही.

तो बोळाकडे निघाला.

"फैयाज."

तो थांबला. वळला मात्र नाही, वळायचं नव्हतं.

"तू ऐकलंस?" मुबारकबीने विचारलं.

"ऐकलं, चाची."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू?" त्याचा आवाज चढला आणि त्याने तो चढू दिला. "बारा वर्षं ते बटण मीच लावत आलोय. झोपताना लावतो, उठल्यावर लावतो. आज तुम्ही म्हणता मी नव्हतोच. मग एवढ्या रात्री मी कुणाच्या जागलो ते सांगा."

अल्मास एकदा त्याच्या पाठीकडे, एकदा पडद्याकडे बघत राहिली.

"तुम्ही ओळखता यांना, अम्मा?"

"अल्मास, रिझवानला फोन लाव. आवाज मोठा कर."

"आत्ता? गाडीवर असतील. चाकणला माल घेऊन गेलेत, शिरूरच्या पुढे असतील."

"आत्ता लाव. मागनं मला धीर व्हायचा न्हाई."

अल्मासने फोन लावला. रिंग सबंध घरात वाजली. फैयाज बोळाच्या तोंडाशी पाठमोरा उभा होता, पिशवीचा पट्टा खांद्यावर रुतत होता. जाता आलं असतं. तो उभाच राहिला.

"हां अम्मा," रिझवानचा आवाज आला. मागे टेम्पोचं इंजिन, हॉर्न. "उघडलं का दार?"

"उघडलं. आता मी काय म्हनते ते ऐक. मधी बोलू नको. तुज्या अब्बाची बोटं गेली त्या दिवशी मशिनीचं बटन म्या दाबलं हुतं. चुकून दाबलं, पन म्याच दाबलं. फैयाजनं न्हाई."

हॉर्न वाजत राहिले. मग टेम्पो बाजूला घेतल्यासारखा खडीचा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. तेव्हा रिझवान चौदा वर्षांचा होता, मिरजगावला आजोळी राहून शाळेत जायचा. सुट्टीला घरी आला तेव्हा अब्बांचा हात बांधलेला होता, आणि त्यानंतर त्याच्यासमोर या घरात ते नाव कुणी काढलं नव्हतं.

"कोण फैयाज?" त्याने विचारलं.

फैयाजने पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली.

"हितं हुबा हाय," मुबारकबी म्हणाली. "सांगते. पहिल्यापासनं सांगते."